चढावर वाजणारं चाक

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबत घडली आहे, आणि अजून संपलेली नाही. म्हणून लिहितोय.

भुतंखेतं रात्री भेटतात म्हणतात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. डिसेंबरमधला रविवार. सकाळची वेळ. ऊन नुकतं पडायच्या बेतात होतं. जागा बेंगळुरूच्या दक्षिणेला, आनेकलच्या पलीकडच्या टेकड्यांमधली. वाटेचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले दोघे-चौघे पुढच्याच रविवारी तिथे जाऊन उभे राहतील. मी तुम्हाला ओळखून आहे.

मी अभिराज. राहतो बेंगळुरूतल्या शिवाजीनगरात, नोकरी महादेवपुऱ्यात. आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. थोरला भाऊ संताजी, त्याला आम्ही अण्णा म्हणतो. तो आनेकलला कारखान्यात आहे, तिथेच बिऱ्हाड. वडील लवकर गेले. मला अण्णानेच वाढवलं, सायकलही त्यानेच शिकवली.

दर रविवारी आम्ही दोघं त्या जंगलातल्या वाटेवर जायचो. गाड्यांना तिथे बंदी आहे. तोंडाशी आडवा लोखंडी दांडा, त्याखालून सायकल सरकवली की पुढे फक्त झाडं. हॉर्न नाही, धूर नाही. आठवडाभर ट्रॅफिकमध्ये शिजल्यावर तिथली शांतता कानाला टोचायची.

आता एक सांगतो, ते नीट लक्षात ठेवा.

सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पेडल मारणं थांबवलं की ते वाजतं. कट कट कट. पेडल मारत असाल तर गप्प. म्हणजे उतारावर वाजणार, चढावर नाही.

प्रत्येक सायकलचा आवाज वेगळा. अण्णाचा जाड, ठसठशीत. माझा बारीक, जलद. "तुझं चाक म्हणजे लग्नातल्या मावशा, श्वास घेत नाहीत," असं अण्णा म्हणायचा.

त्या वाटेचे उतार वाईट. मान वळवली की तोल गेलाच. म्हणून अण्णाचा नियम होता, उतारावर मागे बघायचं नाही. कान द्यायचा. मागच्याचं चाक वाजतंय ना? मग तो आहे.

त्या सकाळी मी पुढे होतो, अण्णा मागे. धुकं उतरलेलं.

मोठा उतार लागला. मी पेडल थांबवलं.

मागून अण्णाचं चाक वाजायला लागलं. जाड, ठसठशीत.

अर्ध्यावर एक मोठं वारूळ आहे. तिथे वाट फुटते. उजवी आमची. डावी बंद पडलेल्या दगडाच्या खाणीकडे जाते, तिथे कोणी जात नाही. मी उजवीकडे वळलो. आवाजही वळला.

खाली ओढ्यापर्यंत तो माझ्या पाठीशी होता.

ओढा ओलांडला आणि चढ सुरू झाला. मी पेडल मारायला लागलो. माझं चाक गप्प झालं.

मागचं...

मागचं वाजतच होतं.

कट... कट... कट...

मी हसलो. म्हटलं, "अण्णा, पेडल मार की! चढ आहे बा!"



चढ वाढला. मला धाप लागली. आणि मागे तेच, तसंच, एका लयीत. चढावर पेडल न मारता कोण येऊ शकतं? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी थांबलो. पाय टेकला. मागे वळलो.

आवाज बंद झाला.

वाट रिकामी होती.

नुसतं धुकं. पक्षीसुद्धा बोलत नव्हता.

घाबरायला हवं होतं. पण तसं काही झालं नाही. आतून सगळं बधिर झालं, दात काढताना हिरडी होते तसं. मी सायकल फिरवली, ओढ्यापर्यंत उतरलो आणि परत वारुळाकडे चढायला लागलो, एवढंच आठवतंय.

वारुळापाशी ओल्या मातीत टायरची एक खूण डावीकडे गेली होती.

एकच खूण. खाणीकडे.

अण्णा खाणीच्या अगदी काठावर सापडला. घाणेरीच्या जाळीत अडकलेला. पाय गुडघ्याखाली वेडावाकडा झालेला. सायकल खाली, खाणीच्या हिरव्या पाण्यात गेलेली. जाळी नसती तर तोही गेला असता.

मला बघून तो जरा वैतागलाच.

"पुन्हा कुठे गेला होतास रे? आत्ता तर इथे बसला होतास."

मी त्याच्याभोवतीच्या काटेरी फांद्या बाजूला केल्या.

"तुझ्याच मागे आलो ना मी. धुक्यात दिसत नव्हतास, पण चाक वाजत होतं. डावीकडे वळलास, मीपण वळलो. खाण आहे हे ओरडून सांगायचं तरी, वेड्या!"

मी त्याच्या डोक्याखाली माझी पिशवी ठेवली. पाणी पाजलं.

"मग जवळ येऊन बसलास," तो म्हणाला. "तोंडातून शब्द नाही. नुसता चाक फिरवत बसलास."

"कुठलं चाक, अण्णा?"

त्याने खाली पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डोळे मिटले. पायाची कळ असेल.

गावातली माणसं आली, जीप आली, दवाखाना झाला. अण्णाच्या पायात सळई बसली. मी माझी सायकल विकून टाकली. शिवाजीनगरातल्या एका दुकानात दिली आणि वळूनही पाहिलं नाही.

अण्णा मात्र बरा होत गेला तसा सायकलीचं बोलायला लागला. मी एकदा त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. मी उजवीकडे गेलो होतो, तुझ्याजवळ मी बसलो नव्हतो.

तो हसला. "सरी सरी, ठीक आहे. मनाला लावून घेतलंस तू. चूक कोणाचीच नाही."

"चुकीचं नाही बोलत मी, अण्णा. मी तिथे नव्हतोच."

"पुरे आता चेष्टा. आणि शब्द दिलायस तो विसरू नकोस. बरा झालो की परत येऊ म्हणालास."

तेव्हा खाणीपाशी सांगत होता, तोंडातून शब्द नाही. आता म्हणतो, शब्द दिलास. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

त्याने नवी सायकल घेतली. मी भाग्यलक्ष्मी वहिनीला फोन करून सांगितलं, त्याला त्या वाटेला जाऊ देऊ नका. वहिनी म्हणाली, बघते. अण्णा कोणाचं ऐकतो? पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या रविवारी सकाळी मी कॉफी गाळत होतो. वहिनीचा फोन आला.

"पोचलात का रे तुम्ही? हे फोन घेत नाहीत."

"कोण आम्ही?"

"अय्यो, झोपेत आहेस का? तू खाली आलास म्हणून तर हे इडली ताटात टाकून पळाले."

"वहिनी, तुम्ही मला पाहिलंत?"

"पाहिलं नाही बा. खालून तुझ्या चाकाचा आवाज आला. ते बारीक वाजतं ना, तेच. हे म्हणाले, आला अभिराज."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. कॉफी ओट्यावरून खाली टपकत होती, ते मला दिसत होतं.

मी अण्णाला फोन लावला. लागला नाही. परत लावला. परत.

शेवटी उचलला. जोरजोरात धापा टाकत होता.

"काय रे? फोन कशाला करतोस? मागेच तर आहेस."

"अण्णा, तू कुठे आहेस?"

"ही काय थट्टा! ओढ्याच्या पुढे. मोठ्या चढावर."

त्याच्या धापांच्या मागे मला ऐकू येत होतं...

बारीक. जलद. श्वास न घेणारं.

कट कट कट कट...

माझं चाक. मी विकलेलं. आणि चढावर.

मी थांबून मागे पाहिलं होतं तेव्हा ते बंद पडलं होतं. तेवढंच मला सुचलं.

"अण्णा, थांब. पाय टेक. मागे वळून बघ."

"का?"

"माझ्यासाठी. एकदाच बघ."

ब्रेकचा आवाज आला. बूट खड्यांवर घासल्याचा आला.

आणि चाक... थांबलं.

बराच वेळ नुसता वारा फोनवर आपटत होता.

"अण्णा?"

"बघितलं की." त्याचा आवाज नेहमीचाच होता. "तूच आहेस."

फोन कट झाला.

दुपारी अण्णा सुखरूप घरी आला. वहिनीनेच कळवलं. दोनदा भात घेतला म्हणाली, खुशीत होता. "किती दिवसांनी हसले रे. तुझ्यामुळे." मी बरं म्हटलं.

त्या दिवसापासून अण्णाचा मला फोन नाही. मी केला तर दोन शब्द बोलतो आणि ठेवतो. रागावलेला नाही. उलट प्रेमानेच ठेवतो. "रविवारी भेटतोच आहोत ना, तेव्हा बोलू," म्हणतो. ज्याने मला सायकलचं सीट धरून चालवायला शिकवलं, त्याला आता माझी गरज उरलेली नाही. त्याच्याकडे मी आहे.

वाईट वाटतं. पण तेही लांबून, दुसऱ्या कोणाचं वाटावं तसं.

आज शनिवार. सकाळी वहिनीशी बोलणं झालं. अण्णा सायकल पुसत बसलाय म्हणाली. उद्या वारुळापासून डावीकडे जायचं ठरलंय.

"तिकडे तर खाण आहे ना रे?" वहिनीने विचारलं. "हे म्हणतात, अभिराजला काहीतरी दाखवायचंय."

मी पिशवी भरली आहे. आनेकलची बस धरतोय. आज अण्णाकडे मुक्काम. उद्या सकाळी खालून तो बारीक आवाज येईल, तेव्हा मी अण्णाच्या समोर उभा असेन, हात धरून.

मग तो माझ्याकडे बघेल, आणि जिन्याकडे बघेल.

त्यातला कोणता मी त्याला खरा वाटेल, ते मला सांगता येत नाही.