अडतिसावी कालवड

घंटा फ्रिडोच्या तोंडात होती, आणि ती त्याची नव्हती.

अनिनाने कॉफीचा मग गाडीच्या पायरीवर ठेवला. "कुठून उचललीस?" फ्रिडोने घंटा तिच्या बुटांपाशी टाकली, तुटलेल्या चामडी पट्ट्यासकट, आणि रजिस्टर पत्रावर सही घ्यायला थांबलेल्या पोस्टमनसारखा शांतपणे उभा राहिला. फ्रिडोच्या पूर्वजांत कोण कोण होतं हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. एक तरी कोल्हा नक्की असावा.

गाडी पूर्वी एका पाववाल्याची होती. अनिनाने तिच्यात पलंग, शेगडी आणि निळे पडदे बसवले, पण ऊन तापलं की पत्र्यातून अजून ताज्या पावाचा वास सुटायचा, आणि घाटाघाटात भली माणसं थैली घेऊन दाराशी येऊन उभी राहायची. वर्षभर विंटरथूर शहरातल्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघायचं, आणि सप्टेंबरचे दोन आठवडे कुणाच्याच डोळ्यांत बघायचं नाही. ओढ्याकाठी गाडी लावायची आणि फ्रिडोला घेऊन दिवसभर डोंगर तुडवायचे, अशी तिची सुट्टी. सोमवारपासून ती इथे, प्रासुर गावाच्या वरच्या अंगाला होती. आज गुरुवार.

घंटा आहे म्हणजे गाय आहे, आणि गाय आहे म्हणजे गुराखी आहे. तिने फ्रिडोला दोरी लावली आणि तासाभराचा चढ चढून कुरणावर पोचली.

दगडी झोपडीसमोर एक तरुण मांडीवर फळकुट ठेवून चीज कापत बसला होता. उन्हाने रापलेला, दाढीचे खुंट वाढलेला. सुरीवरची नजर त्याने काढली नाही.

"ही घंटा तुमची का?"

"माझ्या गळ्यात तर नव्हती," तो म्हणाला. मग हात पुढे करून त्याने घंटा घेतली, अंगठा तिच्या कडेवरून फिरवला, आणि चेहऱ्यावरची थट्टा उतरली. "ही मिनेलाची आहे. माझी सगळ्यांत धाकटी कालवड." आता त्याने फ्रिडोकडे पाहिलं. "काय केलं या कुत्र्याने तिला?"

"त्याने घंटा आणून दिलीय. चोर घंटा परत आणून देतो का?"

"काल संध्याकाळी मोजल्या तेव्हा अडतीस होत्या. आज सकाळी अडतीस. मग तुमचं कुत्रं आलं."

"आणि आत्ता किती आहेत?"

तो उठला. कपाळावर हात धरून, हनुवटी पुढे काढून, डोळे बारीक करून तो उतारावरच्या तपकिरी पाठी मोजत गेला. "अडतीस," तो म्हणाला. मग त्याने हातातल्या घंटेकडे पाहिलं. "अडतीस…" हे जरा हळू आलं.

अनिनानेही मोजल्या होत्या. "सदतीस."

"ती वरच्या कडेला बसलीय ती बघा. रवंथ करतेय."

"तो धोंडा आहे."

"धोंडा?"

"चांगला आहे. पण धोंडा आहे."

हनुवटी पुढे आणि डोळे बारीक… ही मुद्रा अनिनाने दुकानात हजारदा पाहिली होती. "समोरच्या कड्यावर काय दिसतंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"कडा."

"आणि त्याच्यावर?"

त्याने डोळे आणखी बारीक केले. "…आणखी कडा."

"क्रूस आहे. माणसाच्या तिप्पट उंच."

तो वर चालू लागला, आणि तीही मागोमाग गेली. धोंडा खरोखर देखणा होता. गुळगुळीत तपकिरी पाठ, आणि कपाळ असावं तिथे दगडफुलाचा पांढरा टिळा. तरुणाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रविवारी कळप या उतारावर आणून मीठ घातलं तेव्हा मिनेला माझ्या हातातून खाऊन गेली होती," तो म्हणाला. "घंटा वाजत नाही, म्हटलं बसून असेल… म्हणजे चार दिवस मी रोज झोपायला जाताना ह्याला 'नीट झोप गं' म्हणतोय."

अनिनाला हसू आलं आणि तिने ते गिळलं, कारण त्याच्या आवाजात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याचं नाव कुर्दिन. तीस वर्षं हे कुरण त्याच्या काकाकडे होतं. यंदा पहिल्यांदाच गावाने ते त्याच्यावर सोपवलं होतं. परवा, शनिवारी, कळप खाली उतरणार. सगळी जनावरं सुखरूप असली तर त्यांच्या डोक्यांवर फुलांचे मुकुट चढतात आणि गाव रस्त्यावर टेबलं मांडतं. एक जरी दगावलं तरी सगळी उघड्या डोक्याने उतरतात, आणि वाजंत्री वाजत नाही.

"आणि उघड्या डोक्याचा कळप आणणाऱ्याला," कुर्दिन म्हणाला, "वसंतात कुणी परत बोलवत नाही. मला दुसरं काही येत नाही हो."

"मग आपण शोधू या," अनिना म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा, मी—"

"इथे वर अहो-जाहो करत नाहीत. ते खाली ओढ्याजवळ सोडून यायचं असतं."

"मग तू पुढे हो," ती म्हणाली. "मी तुला सांगेन, समोर गाय आहे की दगड."

त्या दुपारी त्यांनी तीन दऱ्या पालथ्या घातल्या. कुर्दिनने दाखवलेल्या सहा कालवडींपैकी चार खडक निघाले, एक झुडूप, आणि सहावी फोटो काढत बसलेली एक जाडजूड बाई. ती रागावली नाही. तिला कुर्दिन आवडला होता. अनिनाला ते का कोण जाणे, फारसं आवडलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा निघाली तेव्हा गाडीतून राईचा पाव गायब होता. ओळीने चौथा दिवस. फ्रिडो पाठ फिरवून आकाशाचा अभ्यास करत होता. त्याला ओरडायलाही वेळ नव्हता, कारण धुकं उतरलं होतं.

तिथलं धुकं म्हणजे काठीने बाजूला सारावं लागतं. एका पाहुण्याने म्हणे त्यावर आपला कोट टांगला होता. दुपारी धुकं उठलं तसा कोटही उठून गेला. झोपडीपाशी पोचली तेव्हा अनिनाला आपले बूटसुद्धा दिसत नव्हते.

"आज तू आंधळी," धुक्यातून कुर्दिनचा आवाज आला. "चल, मी आलोय."

"मीच आहे हे कसं कळलं?"

"उजवा पाय जरा ठासून टाकतेस. डाव्यावर राग आहे का?"

त्याचा हात आला, खरखरीत आणि ऊबदार, आणि तिच्या हाताला धरून पुढे चालू लागला. काल प्रत्येक दगडाला कालवड समजणारा माणूस आज असा चालत होता, जणू सगळ्या डोंगरात दिवे लावले आहेत. "ती ब्रुना, पाणी पितेय," तो चालता चालता म्हणायचा. "ती तिची बहीण. मान खाजवतेय… आता थांबली." अनिनाला नुसती किणकिण ऐकू यायची, त्याला त्या किणकिणीतून आख्खा कळप दिसत होता.

"तू डोळ्यांत बघतेस तेव्हा काय कळतं?" त्याने मध्येच विचारलं.

"नंबर."

"एवढंच?"

"कधी झोप झालेली नसते, ते कळतं. कधी कुणी रडून आलेलं असतं."

"आणि माझ्या डोळ्यांतलं?"

"तुझे अजून मापले नाहीत."

"मग सुट्टीवर का आलीस? एवढे डोळे मापायचे सोडून…"

"दहा वर्षं लोक माझ्याकडे बघतायत," अनिना म्हणाली, "आणि त्यांना माझ्यामागचा अक्षरांचा तक्ता दिसतो. म्हटलं, दोन आठवडे कुणी माझ्या आरपार बघायला नको." धुक्यात माणूस बोलून जातो, समोरचं तोंड दिसत नाही ना.

कुर्दिनने तिचा हात सोडला नाही.

वळसा घालून ते झोपडीमागे आले, त्याच वेळी फ्रिडोने दोरीला हिसका दिला. त्याच्या तोंडात काहीतरी होतं. अनिनाने वाकून चाचपलं, तर राईचा पाव. चोराने माल झोपडीमागे लपवून ठेवला होता.

"चार दिवस हा रोज पाव नेतोय," ती म्हणाली. "खात नाहीये. कुठेतरी नेतोय."

दोघेही थांबले. कुर्दिनने खिशातून मिनेलाची घंटा काढली आणि तुटका पट्टा गाठ मारून फ्रिडोच्या गळ्यात अडकवला. "सोड त्याला."

"या धुक्यात? तो हरवला तर?"

"घंटा वाजतेय तोवर माझ्याकडून काही हरवत नाही."

फ्रिडो सहा वर्षं तिच्याजवळ होता, आणि पहाटे तो गुपचूप निसटत असला, तरी डोंगरात तिने स्वतः त्याला कधी दोरीविना सोडलं नव्हतं. बोटं उघडायला जरा वेळ लागला. मग दोरी निसटली, घंटा किणकिणत दूर गेली, आणि कुर्दिन तिच्यामागे… त्याच्यामागे अनिना, त्याच्या जाकिटाचं टोक मुठीत धरून.

पडक्या मेंढवाड्याच्या भिंतीआड एक शिळा घसरून वाट बंद झाली होती. घंटा त्या भिंतीपलीकडे थांबली. कुर्दिनने शिळेवरून आत उडी मारली.

"काय आहे?" अनिनाने विचारलं. "कुर्दिन, आहे का ती? बोल ना."

"आहे," तो म्हणाला. "पाव खातेय."

मिनेलाचा पुढचा पाय सुजला होता, पोट मात्र गरगरीत होतं. भिंतीतून पाझरणारं पाणी आणि रोज सकाळी घरपोच राईचा पाव. अशी बडदास्त खालच्या चांगल्या हॉटेलातही मिळत नाही. कुर्दिनने तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि तसाच राहिला. अनिना वर शिळेवर बसून धुक्याकडे फार लक्ष देऊन बघत होती.

भिंतीचे दगड काढून दोघांनी वाट मोकळी केली, पण सुजलेला पाय घेऊन मिनेला झोपडीपर्यंतच कशीबशी आली. कळपाच्या चालीने गाव तिथून चार तास.

"ती उतरू शकणार नाही," कुर्दिन म्हणाला. "आणि तिला सोडून उतरलो तर सदतीसच."

"माझी गाडी वर येते का बघू," अनिना म्हणाली.

गाडी आली. चढावर तिने तीनदा प्राण सोडला आणि तीनदा परत घेतला.

शनिवारी आकाश धुऊन काढल्यासारखं होतं. शिखरांवर रात्रीत बर्फाची पांढरी रेघ उमटली होती. पुढे कुर्दिन, त्याच्यामागे सूचिपर्णी झाडांच्या डहाळ्या आणि कागदी गुलाबांचे मुकुट मिरवणाऱ्या सदतीस कालवडी, आणि सगळ्यांत मागे माणसाच्या चालीने पाववाल्याची गाडी. छताच्या झरोक्यातून मुकुट घातलेली मिनेला मान बाहेर काढून गावाकडे बघत होती. निळ्या पडद्यांपैकी एक तिने वाटेत खाल्ला.

हौदापाशी कुरणाचे प्रमुख, म्हातारे बाल्झर, काठी टेकवून उभे होते. त्यांनी एकेक पाठ काठीने मोजली. "सदतीस."

"आणि ही," कुर्दिन म्हणाला.

"कळप चालत उतरतो रे. आपल्या पायांवर."

"ती आपल्या पायांवरच उभी आहे, बाल्झरआजोबा," अनिनाने खिडकीतून डोकं काढलं. "तिच्याखालची जमीन तेवढी पुढे सरकली."

बायका हसल्या. बाल्झरही हसले असते, पण प्रमुखाला आधी काम असतं. "बरं. अडतीस. बाकी उन्हाळा सुरळीत गेला?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. कुर्दिनने टोपी काढली.

"नाही," तो म्हणाला. "मला लांबचं दिसत नाही. चार दिवस एक धोंडा कालवड म्हणून मोजला. ती सापडली ती हिच्या कुत्र्यामुळे, आणि हिच्यामुळे."

वाजंत्रीवाल्यांनी ओठांपासून तुताऱ्या खाली घेतल्या. बाल्झरांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली.

"तुझा काका," ते म्हणाले, "तीस वर्षं ठार बहिरा होता. ते आम्हाला कळलं तो मेल्यावर, कारण त्याने कधी कबूल केलं नाही. कालवडींनीही सांगितलं नाही." त्यांनी काठी आपटली. "वसंतात चष्मा लावून ये. बिनचष्म्याचा दिसलास तर ह्याच काठीने परत पाठवीन. काय रे, वाजवायला वेगळं आमंत्रण हवंय का?"

आणि वाजंत्री वाजू लागली.

दुपारी टेबलांवर सातूचं सूप आणि अक्रोडाची टार्ट फिरत होती. अनिनाने कुर्दिनला गाडीत बोलावलं. आत पावाचा आणि वासराचा वास होता, आणि फ्रिडो पलंगावर पाय वर करून झोपला होता. तिने दुकानातली छोटी पट्टी काढली, एक कोरं कार्ड काढलं, आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. गुडघ्याला गुडघा लागत होता. गाडीच लहान, त्याला काय करणार.

"दोन बाहुल्यांमधलं अंतर घ्यावं लागतं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांत बघ. हलू नकोस."

त्याने पाहिलं.

"चौसष्ट मिलिमीटर," ती म्हणाली, आणि लिहायच्या आधी पुन्हा मापलं. "…सहासष्ट."

"दोन मिनिटांत वाढलो?"

"तू हललास."

"मी नाही हललो. पट्टी हलतेय."

पट्टी हलत होती. दहा वर्षांत ती कधी हलली नव्हती. बाहेर कुणीतरी टेबलावर ताल धरला होता.

"चष्मा तयार व्हायला दहा दिवस लागतील," ती घाईने म्हणाली. "पोस्टाने पाठवता येतो."

"पोस्टाने नको."

"मग?"

"लांबचं मला दिसत नाही, अनिना," कुर्दिन म्हणाला. "तुझ्यामागे तक्ता असता तरी मला दिसला नसता. पण जवळचं मला नीट दिसतं. ज्या दिवशी घंटा घेऊन आलीस, त्या दिवसापासून… आणि मला तेच बघत राहायचंय. हे धुक्यात सांगायला सोपं गेलं असतं."

अनिनाने पट्टी पलंगावर ठेवली, फ्रिडोच्या पायांजवळ. "मग डोळे मिट," ती म्हणाली, आणि दोघांमधलं उरलेलं अंतर तिने पट्टीविनाच संपवलं.

बऱ्याच वेळाने तिने कार्ड उचललं. अंतराच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं: माप चुकले. ग्राहकास पुन्हा पुन्हा बोलवावे.