तेरावी खूण

लाइट आता तासभर येत नाही, तेव्हा मोबाईल खिशात घाला आणि नीट बसा. उद्यापासून तुम्ही साइटवर जाणार, पिवळ्या टोप्या घालून फोटो काढणार. काढा. पण त्याआधी रामेश्वरचं काय झालं ते ऐका. तुमच्याच कोर्सचा पोरगा, याच होस्टेलच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहिलेला. पटलं तर ठीक, नाही तर वामनकाका बरळतो म्हणा आणि झोपा.

रामेश्वर केदारखेड्याचा. बाप म्हस्कू, मेंढरं राखणारा. काठीऐवजी हातात टेप घेऊन काम करणारा घरातला हा पहिलाच. साइट सुपरवायझरचा वर्षभराचा कोर्स, त्यातले शेवटचे काही महिने प्रत्यक्ष कामावर. त्याला आणि बिभीषणला तीर्थपुरीजवळ रस्त्यालगत चाललेलं एक मंगल कार्यालय मिळालं. बिभीषण तीर्थपुरीचाच. वर्गात दोघं एका बाकावर, आणि तिकडे गेल्यावर रामेश्वरचं निम्मं जेवण बिभीषणच्या घरी. शिकवायला वरद सर, आणि त्या इमारतीचं कामही तेच बघायचे. पोरांना वाटायचं, आपलं नशीब उघडलं.

आधी घडलेलं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. दोन हजार बावीसच्या दिवाळीआधी चार दिवस पुढच्या गॅलरीचा स्लॅब भरला. पहिल्या मजल्याला, हॉलच्या बाहेर, छतापर्यंत गेलेल्या दोन उंच खांबांवर ती गॅलरी. बिभीषणनं दिवाळी स्लॅबवर काढली. भाऊबीजेला तेवढा घरी जाऊन ओवाळून आला आणि परत पाणी मारायला हजर. नवव्या दिवशी सरांचा फोन आला, खालचे टेकू काढा, दुसऱ्या साइटला पाहिजेत.

"सर, कमीत कमी चौदा दिवस, असं तुमीच वर्गात लिहून दिलंय," बिभीषण म्हणाला.

"वर्ग वेगळा, काम वेगळं. काढ."

हे रामेश्वरनं शेजारी उभं राहून ऐकलं. मग तो टेकू न्यायला टेम्पो बघायला फाट्यावर गेला. परत आला तेव्हा खांब उभे होते आणि गॅलरी खाली होती. बिभीषण तिच्या खाली.

तिसऱ्या दिवशी सरांनी हजेरीचे म्हणून कागद पुढे केले. "इथं कर, इथं, आणि इथं." रामेश्वरचे डोळे सुजलेले. समोर सर. त्यानं सह्या केल्या. न वाचता सही करू नका, हे पहिल्या दिवशी शिकवणारेही सरच.

महिन्याभरानं बिभीषणच्या बहिणीनं, रेणूनं, त्यातल्या एका कागदाची चौकशीतून मिळालेली नक्कल अंगणात रामेश्वरसमोर मोठ्यानं वाचली. बिभीषणनं कुणालाही न विचारता स्वतःच्या मनानं टेकू काढले, हे मी समक्ष पाहिलं. खाली सही रामेश्वरची. आई आसराबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "लेकरा, तू तर आमच्यात जेवत होता रे."

गावात झालं की पोरगा स्वतःच्या मूर्खपणानं मेला. रामेश्वर सरांकडे गेला तर सर हसले. म्हणाले, "अरे, कागद रंगवावे लागतात. शनिवारी चौकशीच्या साहेबांपुढे जबाब आहे, तिथं तेवढंच सांग. जानेवारीत सर्टिफिकेट हातात पडलं की मग बघू."

ज्याच्या पाया पडून कोर्स सुरू केला त्यानंच गळा कापला होता. आणि ते कळूनही हा गप्प बसला, कारण सर्टिफिकेटवर सही त्याच माणसाची लागणार होती. मला त्याचा राग येतो. आजही येतो. कीवही येते, पण राग आधी.

तर गुरुवार, बावीस डिसेंबर. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, घरोघर उद्यापन, म्हणून मजूर चारलाच पांगले होते. सव्वासातला अमावास्या लागली. त्याच सुमाराला सरांचा जालन्याहून फोन. उद्या सकाळी फरशीवाले येणार, वरच्या हॉलमधल्या बारा कॉलमांवर लेव्हलच्या खुणा पाहिजेत.

"एकट्यानं कसं होईन सर?"

"माणूस पाठवलाय. तो नळी धरेल."

लेव्हलची नळी तुम्ही पाहिलीच आहे. पारदर्शक, पाण्यानं भरलेली. एकानं आपलं टोक पक्क्या खुणेला धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक घेऊन कॉलमामागून कॉलम फिरायचं. पाणी थांबलं की रेघ मारायची. त्याला माणसं दोन लागतातच.

आठला पाच कमी असताना रामेश्वर साइटवर पोचला. रखवालदार नव्हता. लाइट नव्हती. त्यानं नळी भरली, बुडबुडे काढले, जिना चढून हॉलमध्ये आला आणि कोपऱ्यातल्या भिंतीवरच्या पक्क्या खुणेशी उभा राहिला.

"कोण हाय का?"

"हाय," हॉलच्या पलीकडून आवाज आला.

चला, माणूस आलाय. त्यानं नळीचं दुसरं टोक स्लॅबवरून तिकडं सरकवलं. ते उचललं गेलं. मोबाईलचा उजेड त्याला आपल्या हातातल्या पाण्यावरच धरावा लागत होता, त्यामुळं पलीकडचा दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती. पाणी खुणेवर आलं की हा म्हणायचा, "मार." तिकडून यायचं, "झालं." काम झपाझप चाललं. इतकं सफाईनं की रामेश्वरला बरं वाटलं. जवळजवळ दोन महिन्यांत त्याला पहिल्यांदाच कामात बरं वाटलं होतं.

दहा. झालं. अकरा. झालं. बारा.

"बस, झाले बारा. गुंडाळा," तो म्हणाला.

नळी सैल झाली नाही. उलट ओढली गेली. पुढच्या बाजूला.

"अहो, तिकडं न्हाई काही. तिकडं जाऊ नका."

नळी आणखी ओढली गेली. हातातलं पाणी डुचमळलं, आणि हळूहळू खुणेवर येऊन थांबलं.

तेवढ्यात खिशातला... नाही, हातातलाच मोबाईल वाजला. एका हातात नळी, म्हणून त्यानं स्पीकर लावला. सर होते.

"रामेश्वर, जमेल तेवढं कर. माणूस काही निघाला नाही इकडून. मीच विसरलो सांगायला. आणि ऐक, शनिवारचं पाठ आहे ना? त्यानं स्वतःच्या मनानं काढले. एवढंच."

फोन बंद झाला.

रामेश्वरनं उजेड वर केला. हॉल मोकळा. नळी स्लॅबवरून उचलली गेलेली. कमरेच्या उंचीवरून सरळ पुढं गेलेली. हॉलच्या कडेपर्यंत. जिथं स्लॅब संपतो तिथपर्यंत. आणि त्याच्याही पुढं. बाहेर. हवेत. अंधारात पडलेल्या गॅलरीच्या त्या खांबाकडं.

काय ग भावना, मागून काय म्हणालीस? वारा? पाण्यानं भरलेली पंधरा मीटर नळी एकदा ताणून बघ. झोळ दिल्याशिवाय राहत नाही ती. त्या रात्री झोळ नव्हता.

त्याला टोक सोडायचं होतं. बोटं उघडेनात.

"सही करताना वाचलं होतं का?"

आवाज तोच. बाकावर शेजारी असायचा तो.

"...न्हाई," रामेश्वर म्हणाला. "देवाशप्पथ न्हाई वाचलं. सरांनी..."

पाणी स्थिर.

"वाचलं असतं... तर सही केली नसती का?"

रामेश्वरनं तोंड उघडलं.

सांगायला काय लागतं? एक शब्द. नसती.

तो आला नाही. सर्टिफिकेट दिसलं. म्हस्कू दिसला, काठी टेकून उभा. शब्द आला नाही.

पाणी हललं.

"बिभ्या..."

नळीतलं पाणी त्याच्या डोळ्यांपुढं सरसर खाली गेलं. नळी रिकामी झाली. बाहेर, खाली, मलब्यावर दुसरं टोक पडल्याचा आवाज झाला.

तो तिथून कसा निघाला ते त्यालाही सांगता येत नाही. शनिवारी मात्र त्यानं साहेबांपुढं सगळं सांगितलं. फोन, टेकू, चौदा दिवस, न वाचता केलेली सही, आणि ते कळूनही गप्प बसणं. सर्टिफिकेट गेलं ते गेलंच. सरांनी त्याला ओळख दाखवली नाही. प्रकरण अजून तारखांवर आहे. रामेश्वर आता बापाबरोबर मेंढरांमागं असतो. आसराबाई त्याच्याशी बोलत नाही. तो म्हणतो, बरोबर करते, मी बिभ्याला उत्तर कुठं दिलं?

हे त्यानं मला सांगितलं म्हणून मी सांगतो. आता जे मी स्वतः पाहिलं तेवढं ऐका. बांधकामात चाळीस वर्षं गेली माझी, म्हणून त्या चौकशीत मोजमाप घ्यायला मला नेलं होतं. हॉलच्या कॉलमांवर बारा खुणा होत्या. मी यंत्र लावून तपासल्या. कुठं एक सूत वर, कुठं खाली, नळीनं होतं तेवढं. तेरावी खूण बाहेरच्या उजव्या खांबावर होती. शिसपेन्सिलची, ताजी. शिडी पोचत नाही तिथं, मलब्यामुळं लावताही येत नाही. यंत्राच्या काचेतून बघितली. केसाचाही फरक नव्हता.

आसराबाई खाली उभी होती. मान वर करून ती बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिली.

"दादा, ही रेघ कशाची असती?"

"फरशीपासून एक मीटर उंचीची, बाई. फरशी लावताना लागते."

तिनं हॉल आणि खांब यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडं बोट केलं.

"पण फरशी कुठं हाय तिथं? पोरगं उभं कशावर होतं माझं?"