कलमांच्या मांडवातली हवा

"उद्या फुटाळ्याच्या तलावावर! डबा माह्याकडे, दोर तुह्याकडे!" लतिकाने फर्मान काढलं.

"दोर काहून वं ताई?" नऊ वर्षांच्या सुभद्राने विचारलं.

"तू पाण्यात पडली का ओढाले!"

कलमांच्या मांडवातून देवाजी खदखदून हसले. "पोरींनो, आधी पडदे भिजवा! मुळाले पाणी देऊन भागत नाही, हवेलेबी द्या लागते."

"बाबा, आम्हाले सुट्टी हाये!" तेरा वर्षांची लतिका कुरकुरली, पण दोघींनी मांडवाभोवतीच्या वाळ्याच्या पडद्यांवर बादल्या रिकाम्या केल्या. चौऱ्याहत्तर सालचा मे महिना होता. नागपूरच्या त्या कोरड्या झळांत संत्र्याची चारशे कलमं आत हिरवीगार उभी होती.

दुसऱ्या दिवशी तलाव राहूनच गेला. सकाळी काम करता करता देवाजींच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहा दिवसांनी लतिकाच्या वर्गातला मधुसूदन भेटायला आला. पत्ता विचारत रोपवाटिकेतल्या त्यांच्या खोलीपाशी पोचला आणि गोंधळला.

"तू तर म्हणायची, बाबा ऑफिसात आहेत..."

लतिकाने मान वळवली. तेवढ्यात आई, प्रयागबाई, डोळे पुसत आली. "ऑफिसातले साहेब, गोपाळराव म्हणते, कलमं तुह्या बाबानं मारली. पाणी जास्त घालून मुळं सडवली म्हणते. सोमवारी मोठे साहेब आले का तसंच लिहून देणार हायेत."

"खोटं हाये!" लतिका ताडकन उठली.

सुभद्राही मागे धावली आणि तिघं मांडवात गेली. कलमांची पानं कागदासारखी गुंडाळली होती. लतिकाने एक कलम अलगद उपटलं. मुळं पांढरी, टणक! मातीही ओली!

"मग पाणी जातं कुठं?" मधुसूदन म्हणाला.

"ताई, पडदे कुठं गेले?" सुभद्रा अचानक ओरडली.

मांडवाचे बांबू उघडे होते. शोधत शोधत तिघं ऑफिसमागे पोचली. खिडक्यांवर वाळ्याचे पडदे लटकत होते. एकाला आईच्या जुन्या लुगड्याच्या किनारीचं ठिगळ होतं. देवाजींनीच घातलेलं! आणि आत, गोपाळरावांच्या टेबलावर, त्याच मांडवातलं एक कलम टवटवीत डुलत होतं.

"साहेब थंड, कलमं गरम!" मधुसूदन पुटपुटला. कोणी हसलं नाही.

सोमवारी मोठे साहेब आले. लतिका त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, संध्याकाळपर्यंत थांबाल? मग काय लिहायचं ते लिहा."

"पोरखेळ!" गोपाळराव उखडले. "पडद्यांनी काय होतंय?"

साहेबांनी हातानेच त्यांना थांबवलं. मधुसूदनने वडिलांच्या दुकानातला तराजू आणला होता. पाणी घातलेल्या, कलमांच्या दोन सारख्या कुंड्या पारड्यांत ठेवल्या. एकीत चार खडे टाकून काटा बरोबर मधे आणला. मग मातीतून वाफ उडू नये म्हणून दोन्ही कुंड्यांची तोंडं प्लॅस्टिकने खोडापाशी घट्ट बांधली. दोन्ही मांडवातच राहिल्या. एकीभोवती मात्र ओली गोणपाटं टांगली, आणि सुभद्रा दिवसभर ती भिजवत बसली. "थेंब कुंडीवर पडू देऊ नको वं!" लतिका दर वेळी बजावायची.

संध्याकाळी कुंड्या पुन्हा पारड्यांत ठेवल्या. गोणपाटाआडच्या कुंडीचं पारडं धपकन खाली गेलं! उघड्यावरची कुंडी हलकी होऊन वर लटकली.

"दोन्हींना सारखंच पाणी होतं," लतिका हळू, पण स्पष्ट बोलली. "पानांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ जाते. कोरड्या हवेत कपडे भरभर वाळतात ना, तशीच कोरडी हवा पानांतलं पाणी ओढते. मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. ओलसर हवेत ते कमी जातं. पडदे काढले म्हणून कलमं सुकली."

साहेबांनी वळून ऑफिसच्या खिडक्यांकडे पाहिलं. सकाळी त्याच गारव्यात त्यांनी चहा घेतला होता.

"गोपाळराव, पडदे आत्ता परत लावा. स्वतः लावा. आणि तुम्ही लिहिलेला तो कागद द्या."

गोपाळरावांचा चेहरा उतरला. साहेबांनी कागद फाडला. "देवाजीची चूक नव्हती, हे मी माझ्या हाताने लिहीन." मागे उभ्या असलेल्या प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला.

"शाबास, पोरांनो! मुली, हे शाळेत शिकवलं का?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. मधुसूदनही.

"नाही साहेब. छिद्रांचं पुस्तकात होतं. हवेले पाणी द्या लागते, हे बाबानं शिकवलं." ती थांबली, आणि मग मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माहे बाबा इथले माळी होते."