रिकाम्या क्रेटचं वजन

सावद्याच्या रस्त्याला भूपेंद्रचं केळीचं शेड होतं आणि शेडमधल्या काट्यावर त्याच्या बायकोचं, हेमलताचं राज्य होतं. ट्रॅक्टर आला की हमाल घड उतरवायचे, फण्या धुवून क्रेटमध्ये भरायचे आणि हेमलता वजन सांगायची. पद्धत ठरलेली. आधी रिकामं क्रेट काट्यावर ठेवायचं, झिरोचं बटण दाबायचं, मग माल भरायचा. क्रेट असतं तिथंच, पण काट्याच्या लेखी ते नसतं. वीस वर्षांत तिनं ते बटण इतक्यांदा दाबलं होतं की झोपेतही तिचा अंगठा हलत असावा. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, असं ती म्हणायची. हात देवाला जोडायची, भरवसा काट्यावर ठेवायची.

तिचं स्वतःचं वजन एकशे अठरा किलो. त्याची थट्टा ती आधी स्वतःच करून टाकायची, म्हणजे दुसऱ्याला जागा उरत नसे. गुडघे कुरकुरू लागले, साखर वाढली, तरी तिनं मनावर घेतलं नाही. घेतलं ते देवपूरला. मुलगी भूमिका धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात होती. तिच्या स्नेहसंमेलनाला दोघं नवराबायको गेले. खुर्च्या हातांच्या होत्या. कार्यक्रम संपला, हेमलता उठली आणि खुर्चीही तिच्याबरोबर उठली. मागची पोरं खिदळली. भूमिका स्टेजच्या पायरीवर होती. तिनं पाहिलं आणि मान वळवली. एवढंच झालं, पण हेमलताला ते सावद्यापर्यंत पुरलं. पदवीच्या समारंभात पोरीच्या शेजारी उभं राहायचं आणि तिनं मान वळवायची नाही, हे एकच तिनं मनात धरलं.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर चारुलतांनी कागदावर जठराचं चित्र काढलं आणि मोठ्या भागावर काट मारली. "एवढं काढायचं. भूक कमी होईल, जागाही कमी. पण नीट विचार करा. काढलेलं परत जोडता येत नाही."

"परत कोण मागतंय?" हेमलता म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती शेडमध्ये हौसेनं काट्यावर चढली. एकशे अठरा. हमाल तोंड लपवून हसले. "थांबा, झिरो मारते. परत आले की किती गेलं ते कळेल," असं म्हणत तिनं काट्यावर उभ्याउभ्याच बटण दाबलं. आकडा शून्य झाला. ती उतरली तेव्हा काटा उणे एकशे अठरा दाखवत होता. या वेळी सगळेच मोकळेपणानं हसले, तीही. पारोळ्याकडचा म्हातारा हमाल रुपचंद तेवढा हसला नाही. त्यानं काट्याची वायर काढून पुन्हा लावली.

ऑपरेशन नीट पार पडलं. आधी घोट घोट पाणी, मग वरणाचं पाणी, मग अर्धी वाटी मऊ खिचडी. तीन महिन्यांनी दवाखान्यातल्या काट्यावर ब्याण्णव भरले. ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. त्याच आनंदात ती शेडमधल्या काट्यावर चढली.

एकशे अठरा.

तिनं रुपचंदला चढवलं. एकसष्ट, नेहमीचे. वीस किलोची लोखंडी मापं ठेवली. बरोबर वीस. पुन्हा स्वतः चढली. एकशे अठरा.

"अक्का, काटा बरोबर शे," रुपचंद हळूच म्हणाला. "बठ्ठासनं वजन बरोबर येस."

सगळ्यांचं वजन बरोबर, फक्त आपलंच नाही. तिनं हिशेबी डोक्यानं वजाबाकी मांडली. ब्याण्णव आपण. मग सव्वीस किलो कुणाचे?

मग तिला एकेक दिसू लागलं. स्कूटर स्टँडवरून काढली की मागचं चाक दबायचं, मागे कुणी बसल्यावर दबतं तसं. तिच्या बाजूला गादीत खळगा असायचा, ती उठल्यावरही बराच वेळ. ओसरीतला झोपाळा तर पहिल्यापासून तिच्या बाजूला कलायचा, त्यावरून भूपेंद्र तिला चिडवायचा. आता ती एका टोकाला बसली तरी झोपाळा हळूहळू सरळ होत यायचा.

सासू इंदिराबाईंना यातलं काही खटकत नव्हतं. मोतीबिंदूनं त्यांना धूसर दिसायचं. दुपारच्या सावलीत त्या झोपाळ्याजवळ येत आणि म्हणत, "थोडी सरक व, मले बी बसू दे."

हे त्या हेमलताकडे बघून म्हणत नसत.

सातव्या महिन्यात दवाखान्यात सत्तर भरले. डॉक्टर चारुलता खूश होत्या. "तुम्ही आता कुणालाही आधीचे-आताचे फोटो दाखवू शकता."

"आता थांबवा," हेमलता म्हणाली.

"काय थांबवू?"

"कमी होणं. माझं आहे तेवढं राहू द्या."

डॉक्टर हसल्या. काही जणींना अशी भीती वाटते, म्हणाल्या, मन नव्या शरीराला रुळायला वेळ लागतो. त्यांनी प्रोटीनची जास्तीची पावडर आणि मन मोकळं करायला एका बाईंचा नंबर लिहून दिला. हेमलतानं तो कागद बसमध्येच घडी घालून पर्समध्ये टाकला. काय सांगणार होती ती त्या बाईंना?

त्या दिवसापासून तिनं खायचा चंग बांधला. तुपातला शिरा, भरीत, लाडू. दोन घासांत छाती दाटून यायची, तिसरा उलटून पडायचा. मोरीत बसून ती रडायची आणि पुन्हा ताटापाशी यायची. आयुष्यभर ज्या पोटाला शिव्या घातल्या, त्याच्या आता विनवण्या करत होती. डोक्यात एकच आकडा होता, एकोणसाठ. एकशे अठराचं बरोबर अर्धं. त्याच्या खाली जायचं नाही. आपण एकोणसाठच्या खाली उरलो, तर अर्ध्याहून जास्त माणूस ते दुसरं.

फाल्गुनात दवाखान्यात अठ्ठावन्न भरले.

वजन घेणाऱ्या नर्सनं आकडा लिहिला आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "छान हं मावशी, बसा तुम्ही."

हेमलता त्यानंतर कुठल्याही काट्यावर चढली नाही. घरात तिला हाका कमी ऐकू येऊ लागल्या. म्हणजे हाका यायच्या, पण वळून पाहावं तर हाक मारणाऱ्याची नजर तिच्या हातभर बाजूला असायची. तिनं काही सांगितलं की भूपेंद्र बऱ्याच वेळानं "हं?" करायचा. पुढं तेही करेना. एक मात्र खरं, तो इतका खुशीत कधी नव्हता. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून एकटाच बोलायचा, मध्ये थांबायचा, मग हसायचा. त्याच्या शेजारी झोपाळा खाली कललेला असायचा.

भूमिकाच्या पदवीचा दिवस आला. हेमलता ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली. भूपेंद्र डिझेल भरायला गेला होता, शेडवरूनच निघायचं होतं. ती आधीच चालत शेडवर आली. मंगळसूत्र, पर्स, पोरीसाठी डब्यात शेव. आज पोरगी बघेल, तिनं मनाशी घोकलं. भूमिका बघेल.

शेडमध्ये रुपचंद एकटाच होता. काटा सुरू होता. काट्याच्या पत्र्यावर काही नव्हतं.

आकडा होता एकशे अठरा.

हेमलतानं आकडा पुन्हा वाचला. मग तिला राग आला, खरा, आतून. वीस वर्षं हा काटा तिचा होता. ती ताडताड गेली आणि त्यावर चढली.

एकशे अठरा.

तिनं पाय आपटला. आकडा हललासुद्धा नाही.

"रुपचंदभाऊ!"

रुपचंदनं वर पाहिलं. तिच्या थोडं उजवीकडे. "अक्का, गाडी उनी," तो अदबीनं म्हणाला.

फाटकाशी गाडी थांबली होती. भूपेंद्र उतरला, फेरी घालून आला, त्यानं पलीकडचं दार उघडून धरलं. "चल हेमा, पोरगी वाट बघत असेल."

"अहो, मी इथं आहे!"

ती उतरणार होती. पाय उचलणार, तेवढ्यात शेजारून हवा हलली. ओळखीच्या तेलाचा, ओळखीच्या घामाचा वास आला. तिच्याच अंगाचा, पूर्वीचा.

काट्यावरचा आकडा उतरला.

बाहेर गाडी डाव्या बाजूला खाली बसली. भूपेंद्रनं दार लावलं. पट्टा लागल्याचा खटका इथपर्यंत ऐकू आला. गाडी वळली आणि धुळ्याच्या दिशेनं निघून गेली.

हेमलतानं काट्याकडे पाहिलं. शून्य होतं.

मग तिनं खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय पत्र्यावरच होते.