बारावं आवर्तन

आमच्या प्रकारच्या संगीतात नियम एकच. धून बारा आवर्तनांची, प्रत्येक आवर्तन चार मात्रांचं. अकरा आवर्तनांत काय हवं ते करा; लय ओढा, सूर वाकवा, मुखडा उलटा वाजवा, कुणी विचारत नाही. बाराव्यात मात्र सगळ्यांनी हात थांबवायचे, चार मात्रा मनात मोजायच्या आणि पुन्हा पहिल्यावर यायचं. या जागेला आम्ही ‘मोकळी’ म्हणतो. ऐकणारे तिथे कान टवकारून बसलेले असतात.

मी व्हायोलिन वाजवते, माझा थोरला भाऊ ड्रम. अकॉर्डियनवाल्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून आम्हीही. दादानेच मला गज धरायला शिकवलं. तरी नऊ वर्षं लोक म्हणत आले, भाऊ वाजवतो आणि बहीण साथीला असते. ते मला फार डाचायचं. या वेळची तबकडी पहिल्यांदाच माझ्या नावावर निघणार होती आणि तिच्यात माझं असं काहीतरी हवंच होतं. अकरा आवर्तनांत मी सगळं करून पाहिलं होतं. गजाच्या लाकडाने तारा ठोकल्या, मुखडा चौथ्या आवर्तनापर्यंत लपवून ठेवला. लोकांनी वाहवा केली आणि घरी जाताना ते दादाचाच ठेका गुणगुणत गेले. शेवटी मी ठरवलं, मोकळी भरायची.

“ती जागा आपली नाही,” दादा म्हणाला.

“मग कुणाची?”

“गुरुजींनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.” मग त्याने ड्रमच्या चाव्या आवळल्या आणि हसला. “तबकडी तुझी, डोकं तुझं. वाजव.”

स्टुडिओ एका गोदामाच्या पहिल्या मजल्यावर होता. भिंतींना राखाडी फोम, कोपऱ्यात बसका सोफा, काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. सकाळी अकराला आम्ही सुरुवात केली. बाराव्या आवर्तनात मी चार मात्रांची एक चढती सुरावट, आमच्या भाषेत ‘जागा’, घेतली. मामांनी चमकून वर पाहिलं, पण त्यांचा हात अडखळला नाही.

मग ऐकायला बसलो. माझी जागा स्वच्छ आली होती. पाचव्या आवर्तनात मात्र अकॉर्डियन गायब होतं. मामांनी शपथेवर सांगितलं की आपण थांबलो नव्हतो. ध्वनिमुद्रकाने वायर बदलली, माइक बदलला आणि मशीनला खोड लागली म्हणून तिला दोन शिव्या हासडल्या.

दुसऱ्या खेपेला अकॉर्डियन जिथल्या तिथे होतं. सातव्यात माझं व्हायोलिन नव्हतं. तिसऱ्या खेपेला नवव्यातला ड्रम गेला. पडद्यावर तेवढ्या भागात सरळ रेघ दिसत होती. दर वेळी मी मोजून पाहिलं, बरोबर चार मात्रा.

मामा अकॉर्डियन खोक्यात ठेवू लागले. पोरी, जुनं ते उगाच जुनं नसतं, असं काहीतरी म्हणाले. मी त्यांना हात धरून बसवलं. इतक्या वर्षांनी हाताशी आलेली गोष्ट एका रेघेपायी सोडायला मी तयार नव्हते. चौथ्यांदा वाजवलं, पाचव्यांदा, सहाव्यांदा. सातव्या खेपेला सगळं जागच्या जागी होतं. एक मात्रासुद्धा हरवली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी मामांच्या पाठीवर थाप मारली.

चहा आला. दादा त्याच्या पहिल्या कार्यक्रमातल्या फाटलेल्या ड्रमचा किस्सा सांगत होता. मध्येच त्याचा आवाज गेला. ओठ हलत होते, हातवारे चालू होते. टेबलाखाली माझ्या पायाने आपणहून चार मोजले. मग आवाज परत आला.

“काय बघतेस?” त्याने विचारलं. त्याला काही कळलंच नव्हतं. बाकीचे दोघे कपात पाहत होते.

मी उठले. आठव्यांदा वाजवायचं, मोकळी परत मोकळी ठेवायची, असं सांगितलं. जितक्या हट्टाने भरली तितक्याच हट्टाने. बाराव्यात मी गज मांडीवर ठेवला आणि हात घट्ट मिटून घेतले.

ऐकलं तर बाराव्यात माझी जागा वाजत होती. माझ्यापेक्षा सुरेल.

ध्वनिमुद्रकाने तेवढा भाग पुसला. पुन्हा लावला. ती होतीच.

“राहू दे आता,” दादा म्हणाला. “चांगली घेतली आहेस. ही तुझीच.” नऊ वर्षं मला हेच ऐकायचं होतं. तो सोफ्यावर आडवा झाला आणि लगेच झोपला.

मी शेजारी बसले. त्याची छाती वर-खाली होत होती. माझा पाय सवयीने जमिनीवर पडत होता. अकरा श्वास झाले.

बारावा आला नाही.

एक, दोन, तीन, चार.

मग आला.

तबकडी निघून आता तीन महिने झाले. लोक ती जागा रस्त्यात गुणगुणतात, माझ्या नावाने. डॉक्टरांनी दादाला दोनदा तपासलं आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. तो दुपारी झोपला की मी खुर्ची ओढून बसते. मी उठणार नाही, बाराव्याला तिथे कुणीतरी मोजायला हवं.

काल पाचपर्यंत मोजावं लागलं.