एक ते वीस

आमचा मामा लोणकढी थापा मारण्यात पटाईत आहे, हे मी आधीच कबूल करतो. पण हे लिहून देताना त्याच्या कपाळावर घाम होता... डोक्यावर पंखा चालू असताना. आणि शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलेला आहे. खरं मानायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

रात्र वगैरे नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती आणि जागा म्हणजे मामाची जिन्याखालची दुरुस्तीची खोली.

मामा जुने फोनोग्राफ दुरुस्त करतो. तबकडीचे नव्हेत, त्याही आधीचे. चावी भरायची, की मेणाची नळी फिरते आणि कर्ण्यातून आवाज येतो. कर्ण्यात तोंड घालून बोललं, तर आपला आवाजही कोऱ्या मेणावर उमटतो. नकोसा झाला की वरचा थर तासून टाकायचा.

त्या आठवड्यात एक बाई असे तीन फोनोग्राफ ठेवून गेल्या होत्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वर्षापूर्वी गेला, यंत्रं त्याच्या हौसेची. घर लहान, म्हणून एकच ठेवायचं होतं... ज्यावर नवऱ्याचा आवाज सगळ्यात खरा वाटेल ते. सोबत दिलेल्या नळ्यांत त्याच्या आवाजाची एकच होती. बाकीच्या कोऱ्या.

"जपून हं," त्या म्हणाल्या होत्या. "एवढाच उरलाय तो."

मेणावरचा आवाज दर वेळी थोडा झिजतो. म्हणून मामाने ठरवलं, तुलना आपल्या आवाजावर करायची आणि ती नळी शेवटी एकदाच लावायची. त्याने सगळ्या नळ्या डब्यांतून काढून पुसल्या. एक कोरी घेऊन, मेण गुळगुळीत व्हावं म्हणून तासली. कर्ण्यात तोंड घालून एक ते वीस आकडे म्हटले.

पहिल्या यंत्रावर आकडे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटले.

दुसऱ्यावर जाड, दबके. आणि वीस झाल्यावर...

कोणीतरी घसा खाकरला.

मामाने वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. मामी वर झोपली होती.

तिसऱ्यावर आवाज इतका स्वच्छ आला, की मामा खूश झाला. पण बारानंतर आकड्यांच्या मागे कोणीतरी बोलू लागलं... पुटपुटल्यासारखं.

मामाने यंत्र थांबवलं.

पुटपुटणं आणखी क्षणभर चालूच राहिलं.

मनाची समजूत घालत त्याने नवऱ्याच्या नावाचा डबा उघडला आणि आतली नळी लावली. नुसती खरखर. पुन्हा लावली. खरखरच.

मग त्याच्या लक्षात आलं. नाव झाकणावर लिहिलेलं असतं, आणि पुसता पुसता झाकणांची अदलाबदल झाली होती. तीस वर्षं या कामात काढलेल्या माणसाने नवशिक्यासारखी चूक केली होती. टेबलावर मेणाचा चुरा पडला होता. बाईंचा नवरा त्यात होता.

चार वाजता बाई आल्या. खरं सांगून टाकायचं, असं मामाने ठरवलं होतं. पण त्या स्टुलावर बसल्या, डोळे मिटले, आणि मामाला ते सांगवेना. वेळ काढायला म्हणून त्याने आपल्या आकड्यांची नळी तिसऱ्या यंत्रावर चढवली. आधी नुसती चाचणी ऐका, असं म्हणाला.

खरखर झाली. मग...

"अगं बडबडे... जरा गप्प बसून ऐक ना माझं."

तो आवाज मामाचा नव्हता.

बाई रडत हसत होत्या. हेच यंत्र, हेच, म्हणाल्या. मामाने ते बांधून दिलं, नळीसकट.

आठवड्याने त्यांचा फोन आला. रोज चार वाजता ऐकते, आवाज दिवसेंदिवस स्पष्ट होतोय, असं सांगत होत्या. मागे कोणीतरी आकडे मोजतं म्हणे... आधी वीसपर्यंत मोजायचं, आता चौदापर्यंतच.

मामाचा घसा त्याच आठवड्यात बसला होता.

डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. काही सापडलं नाही. महिन्याभरात मामाचा आवाज पार गेला. तेव्हा कुठे त्याने सगळं खरं कागदावर लिहिलं आणि मला बाईंकडे धाडलं.

त्यांनी चिठ्ठी शांतपणे वाचली. घडी घातली.

"मला कधीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आकडे मोजणारा आवाज तुझ्या मामाचाच आहे."

मी हात जोडले. आता तरी बंद करा म्हणालो.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन मिनिटं होती.

"माझा माणूस परत आलाय रे," त्या म्हणाल्या आणि चावी भरू लागल्या.

मला तिथे थांबवेना. पण जिना उतरताना वरून ऐकू आलं. एक पुरुष मोकळेपणी हसत होता. आणि त्याच्या मागे, फार लांबून, मामाचा आवाज... एक... दोन... तीन... चार...

पाच आलंच नाही.

या गोष्टीला आता दहा दिवस झाले. मामा जेवतो, खोलीत जाऊन बसतो. चार वाजले की हातातलं काम ठेवून घसा धरतो आणि मामी त्याच्याकडे बघत उभी राहते. आता आकडे कितीवर आलेत, हे बाईंना फोन करून विचारता येईल.

माझी अजून हिंमत झालेली नाही.