हवालदार डोकी मोजतो

कुत्र्यानं वाट अडवली तेव्हा उत्पलाला आधी भीती वाटली, मग राग आला, आणि मग... हसूच आलं.

वैजापूरच्या बसस्थानकावर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं कोवळं ऊन पडलं होतं. हवेत गारठा होता. औरंगाबादच्या गाड्या कधी सुटतील ते खिडकीतल्या माणसालाही ठाऊक नव्हतं. आईचा, माईचा, हात धरून ती बाहेर पडली, तर हे करडं कुत्रं समोर आडवं. ती डावीकडे सरकली, तेही सरकलं. उजवीकडे वळली, तिथंही हजर. भुंकणं नाही, दात दाखवणं नाही. माईच्या टाचेला नाक लावून ते दोघींना हळूहळू एका पांढऱ्या मॅटाडोरकडे ढकलत होतं.

"हवालदार! ए हवालदार, सोड त्यांना!"

मॅटाडोरमधून उडी मारून एक उंच, सावळा तरुण धावत आला. चाळीसेक पावलं धावला असेल, पण लाजेनं त्याला जास्त धाप लागली होती.

"माफ करा... तो चावत नाय. काल माझ्या दोस्ताची बायकापोरं गाडीत होती, पाच डोकी. आज मी एकटाच निघालो. त्याची मोजणी जुळंना. म्हणून भरती करू राह्यला."

"आम्हाला मेंढ्या समजतो का तो?" उत्पला म्हणाली.

"मेंढ्या नाय..." तो क्षणभर अडखळला. "आपली माणसं समजतो."

बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. उत्पलानं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माईनं मात्र त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. "कोणाचा तू? गाव कोणतं?"

"धनगराचा हाय, मावशी. मल्हारराव नाव. गाव गोदावरीकाठचं, पण नोकरी वाळूजच्या कारखान्यात. फिटर हाय."

"आन् ही गाडी?"

"कारखान्यानं मोडीत काढली होती. म्या घेतली, आत फळी ठोकली, बिछाना केला. आजा मेंढरं घेऊन आठ महिने फिरायचा. मला पत्र्याच्या खोलीत झोपच लागंना. सुट्टी लागली की आयटीआयचे दोस्त गाठत फिरतो. मी आन् हवालदार."

माईनं पदर सारखा केला. मग एकेक शब्द ठेवल्यासारखा ठेवत म्हणाली, "आम्ही विद्यापीठाला चाललोय. बाबासाहेबांचं नाव लागलं ना."

उत्पला त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नामांतराचा विषय निघाला की लोकांचे चेहरे कसे बदलतात, हे तिला गेली सोळा वर्षं माहीत होतं. ते ऐकून कुणी आभाळाकडे बघे, कुणाला एकदम काम आठवे.

"व्हय, रेडिओवर ऐकलं," मल्हार म्हणाला. "बसा."

"वाटेत दोघी मैत्रिणी घ्यायच्यात. देवगावची भामा आन् वेरूळची भागू."

"बरंच झालं की. हवालदाराचा आकडा पुरा होईल."

माई पुढं बसली, उत्पला मागं. मागं कसलं, छोटंसं घरच होतं ते. बिछान्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं, कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याचा कॅन... आणि चक्क पुस्तकांचं फडताळ! पुस्तकं पडू नयेत म्हणून पुढून सायकलची ट्यूब ताणून बांधलेली.

"ही सगळी वाचली तुम्ही?" तिनं मधल्या खिडकीतून विचारलं.

"निम्मी. बाकीची वाचीन म्हणून ठेवलीत."

"खरं बोलता म्हणजे!"

"डब्यात तीळगूळ हाय. दोस्ताच्या बायकोनं दिलाय. घ्या."

"आम्ही संक्रांत करत नाही."

"मग नुसते तीळ आन् गूळ म्हणून घ्या."

"आणि गोड बोलायचं का त्याबद्दल?"

आरशात त्याचे डोळे हसले. "नाय... तुम्ही बोलता तसंच बोला."

तिनं एक वडी तोंडात टाकली आणि लगेच दुसरी उचलली. वडी गोड होती म्हणून असेल.

माईच मग सगळं सांगत सुटली. एकोणऐंशी सालचा नामांतराचा सत्याग्रह, पोलिसांची गाडी, हर्सूलच्या जेलातले अकरा दिवस. एकाच घोंगडीखाली झोपलेल्या मुक्ता म्हणजे माई स्वतः, भामा आणि भागू. तिथंच तिघींनी ठरवलं होतं — नाव लागेपर्यंत विद्यापीठाच्या गेटाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि लागलं की तिघींनी मिळून टाकायचं. एकटीनं आधी जायचं नाही.

"आन् ही आमची उत्पला! बी.ए. झाली, पण पदवीचा कागदच आणला नाय. आई गेटाबाहेर आन् मी आत, हे व्हायचं नाय म्हणाली. तीन वर्षं बालवाडीवर राबू राह्यली."

"माई, पुरे ना..."

आरशातले डोळे या वेळी हसले नाहीत. बघत राहिले. उत्पलानं फडताळावरची ट्यूब उगाच नीट केली.

देवगावात भामाबाई पांढरं लुगडं नेसून दारातच उभ्या होत्या. हातात हुरड्याचं गाठोडं. कुत्र्यानं त्यांना एक फेरी मारली आणि गाडीकडे वळवलं.

"काय नाव म्हणं याचं?"

"हवालदार, मावशी."

"बया! मुक्ते, परत हवालदारच गाडीत घालू राह्यला गं आपल्याला!"

दोघी मैत्रिणी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या की शेजारच्या बायका बाहेर आल्या.

"विद्यापीठाचं आधीचं 'मराठवाडा' नावही ठेवलं म्हणतात," माई डोळे पुसत म्हणाली.

"राहू दे. आपलं आधी लागलं ना? चल मग!"

गावाबाहेर लिंबाखाली सगळ्या हुरडा खायला बसल्या. मल्हार तेवढा चाकाला टेकून उभा राहिला. उत्पला ओंजळभर हुरडा घेऊन त्याच्याकडे गेली. त्यानं हात पुढं केला. दाणे देताना तिची बोटं त्याच्या तळहाताला लागली — दाणे कोमट होते, तळहात खरबरीत. दोघांनाही दाणे सांडू नयेत याची फार काळजी लागली.

"बसत का नाही आमच्यात?"

"हँडब्रेक लागत नाय. गाडी सोडता येत नाय."

"मग विद्यापीठात? आत येणार ना आमच्याबरोबर?"

त्यानं मान खाली घातली. "मी... गाडीपाशी थांबेन. हँडब्रेक..."

"सकाळी कुत्र्यामागं चाळीस पावलं आलात. तेव्हा नाही पळाली गाडी."

त्यानं नुसते तळहातावरचे दाणे इकडून तिकडे केले. तिच्या मनात एकदम गारठा शिरला. म्हणजे हाही तसलाच. दारापर्यंत पोचवणारा, दारातून आत न येणारा. असली भली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. तिला वाईट एवढंच वाटलं की, हा तसला निघू नये अशी इच्छा सकाळपासून आपल्या मनात कधी येऊन बसली, ते आपल्याला कळलंच नाही.

वेरूळपर्यंत मधली खिडकी बंद राहिली.

भागूबाई लेण्यांच्या रस्त्यावर पेरू विकत बसल्या होत्या. "थांबा गं, लुगडं बदलून येते!" म्हणून टोपलीसकट पळाल्या. माई आणि भामाबाई त्यांच्यामागं गेल्या. गाडीपाशी दोघंच उरली. आणि हवालदार.

"तुम्हाला एक सांगायचंय," मल्हार म्हणाला. "मग वाटलं तर बोलू नका माझ्याशी."

"तसंही कुठं बोलतेय?"

"अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराचा ठराव झाला तेव्हा, मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गावातली वस्ती पेटवली... तुमच्या लोकांची. बापानं दाराला कडी लावली. त्यानं कुणाला मारलं नाय. पण दारही उघडलं नाय. बाहेरून माझ्या नावानं कुणीतरी हाका मारत होतं. माझ्या वर्गातला बन्सी असावा. या हवालदाराची आजी तेव्हा घरात होती. ती दार खरडत होती, नखं रक्ताळली तिची. बन्सी तिच्या मोजणीत होता ना... रोज खेळायचा तिच्याशी. कुत्रीला कळलं. मी मात्र फटीतून बघत बसलो. बन्सीला घेऊन त्याच्या घरचे नंतर गाव सोडून गेले. आता सांगा, त्या गेटातून मी कोणत्या तोंडानं येऊ?"

उत्पलानं हवालदाराच्या पंजांवरून हात फिरवला. मग त्याच्याकडे वळली.

"तेव्हा अकरा वर्षांचे होता. आता?"

"सत्तावीस."

"मग आता कडी कुणाच्या हातात आहे?"

तिनं रस्त्याकडेचा एक काळा, नारळाएवढा दगड उचलला, पदरानं पुसला आणि फडताळाखाली नेऊन ठेवला.

"हा कशाला?"

"असू दे. लागेल."

दौलताबादचा घाट उतरताना तिघी मैत्रिणी जेलातली गाणी म्हणत होत्या. भागूबाईंचा सूर एकीकडे, भामाबाईंचा दुसरीकडे. मधली खिडकी उघडी होती. बोलणं नव्हतं, पण उघडी होती.

मकाई गेटाच्या पुढं गर्दीच गर्दी. निळे झेंडे, हलगीचा कडकडाट, फुलबाजारासारखा सुटलेला झेंडूचा वास. रस्त्याच्या उतारावर मल्हारनं गाडी उभी केली आणि ब्रेकवर पाय दाबून बसून राहिला. बायका उतरल्या. लुगड्यांच्या निऱ्या नीट केल्या, एकमेकींच्या डोक्यावरचे पदर सारखे केले. उत्पला तो दगड घेऊन त्याच्या खिडकीशी आली.

"हा गाडीला थांबवील," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

दगड त्याच्या मांडीवर ठेवून ती वळली आणि चालू लागली.

मागं वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ओढून आणलेला माणूस तिला नको होता. माई मध्ये, भामाबाई एका हाताला, भागूबाई दुसऱ्या हाताला, आणि पुढं हवालदार... विद्यापीठाचं गेट दहा पावलांवर आलं. आणि हवालदार रस्त्याच्या मधोमध बसला.

"आता का बसला गं हा?" भागूबाईंनी विचारलं.

उत्पलाला माहीत होतं. गर्दी त्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहत होती, कुणी हुसकत होतं, पण हवालदार हलेना. एकदा गेटाकडे बघे, एकदा उताराकडे. बायकाही थांबल्या. पंधरा वर्षं थांबल्या होत्या, आणखी थोडं थांबायला त्यांची काही हरकत दिसली नाही. उत्पला गेटावरच्या झेंडूच्या माळा मोजू लागली. एक, दोन, तीन... सातव्या माळेपाशी तिचे डोळे भरून आले आणि आकडा चुकला.

तेवढ्यात हवालदार उठला. शेपटी हलवत उठला.

ती तरीही वळली नाही. वळायची गरजच उरली नव्हती. धापांचा आवाज तिच्या ओळखीचा झाला होता.

मल्हार तिच्याजवळ आला नाही. सरळ माईसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे हात दगडाच्या मातीनं भरले होते. "मावशी... मी येऊ का तुमच्याबरोबर?"

भामाबाई आणि भागूबाईंनी माईकडे बघितलं. माईनं त्याच्याकडे.

"विचारतो काय?" माई म्हणाली. "हात दे. गुडघा दुखतो माझा."

तिघी मैत्रिणींनी एकदम, एकाच वेळी पाऊल टाकलं. आत गेल्यावर भामाबाई जोरात ओरडल्या. शब्द कुणालाच कळले नाहीत, अर्थ सगळ्यांना कळला. गेटाशी उभ्या असलेल्या पोरांनी निळा गुलाल उधळला. "जय भीम, दादा!" एकानं मल्हारच्या कपाळाला गुलाल लावला.

"जय भीम," मल्हार म्हणाला. आधी हळू. मग गर्दीत ऐकू जाईना म्हणून मोठ्यानं. आणि मग त्याला थांबताच येईना.

हिरवळीवर तिघी पाय पसरून बसल्या. माईनं वहाणा काढल्या, जमिनीवर हात फिरवला आणि लहान मुलीसारखी हसली. "उत्पले, आता आण तुझा कागद!"

"आणते की. आज सुट्टीच असणार, पुढच्या आठवड्यात येते अर्ज घेऊन."

मल्हार जरा लांब उभा होता. ती त्याच्याजवळ गेली. तिच्या एका गालावर निळा गुलाल होता, आणि तो पुसायचं तिला सुचलं नव्हतं.

"पुढच्या सुट्टीत जळगावच्या दोस्ताकडं जायचंय," तो हिरवळीकडे बघत म्हणाला. "गाडीत... जागा हाय."

"किती डोकी?"

"तीन. एक हवालदार, एक मी..."

"आणि?"

"तिसरं... तुम्ही व्हय म्हणाल तर. नुसतं जळगावपुरतं नाय म्हणत मी. पुढंही. कायमचं."

"आणि नाही म्हणाले तर?"

"मग हवालदार गाडी हलू देणार नाय. जन्मभर या उतारावर उभं राहावं लागंल."

ती हसली. मग गंभीर झाली. मग पुन्हा हसली. "मल्हारराव..."

"नुसतं मल्हार."

"मल्हार, हवालदारानं मला सकाळीच मोजलं होतं. तुम्हालाच उशीर झाला."

परत निघताना उत्पला सवयीनं मागं चढू लागली, तर माई आधीच बिछान्यावर मैत्रिणींच्या मध्ये बसलेली. "पुढं बस तू. मला इथं गप्पा मारायच्यात," ती म्हणाली, आणि भागूबाईंनी भामाबाईंना कोपरानं ढोसलं.

हवालदारानं गाडीभोवती एक फेरी मारली. आत डोकावला. सगळी डोकी जागच्या जागी होती. तो उत्पलाच्या पायांपाशी येऊन आडवा झाला आणि दिवसात पहिल्यांदाच त्यानं डोळे मिटले.

गाडी उताराला लागली, वळली, आणि उत्पला एकदम ओरडली, "अहो, दगड! दगड तिथंच राहिला!"

"राहू दे," मल्हार म्हणाला. "पुढच्या आठवड्यात कागद न्यायला यायचंच हाय ना आपल्याला?"